गेटचा रिमोट अचानक जवळूनच चालायला लागलाय. स्मार्ट उपकरणांमुळे असेल का?

अंगणवेल

आमच्या आवाराचं सरकतं गेट मोटरवर चालतं. रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झचा, रोलिंग कोडचा (दर दाबाला कोड बदलणारा). आधी रस्त्याच्या वळणावरून बटण दाबलं की गाडी पोचेपर्यंत गेट पूर्ण उघडलेलं असायचं. घरात ऑटोमेशन बसवायला लागल्यापासून मात्र गेटच्या तोंडाशी येऊन, काच खाली करून, हात बाहेर काढून दाबावा लागतो. तेही कधी चालतो, कधी नाही.

काय काय बसवलंय ते सांगते. सगळ्या खोल्यांत वाय-फायचे स्विच, दारंखिडक्यांना झिगबी या बिनतारी पद्धतीचे सेन्सर आणि त्यांचा हब, गेटच्या खांबावर वाय-फाय कॅमेरा, त्याच खांबावरच्या दिव्यांसाठी ॲपवर आणि छोट्या रिमोटवर चालणारा कंट्रोलर, शिवाय अंगणात हवामानाचा बिनतारी सेन्सर. गेटचा रिसीव्हर मोटरच्या डब्यात, बोर्डावरच आहे.

रिमोटचा सेल नवा घातला. दुसरा रिमोटही तसाच वागतो. ॲपमधून सगळी उपकरणं बंद करून पाहिली, राऊटरचं चॅनेल बदललं, काहीच फरक नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना भर पावसात गाडीतून उतरून गेट ढकलावं लागतं, त्याचं फार वाईट वाटतं. कुठून सुरुवात करू?

अर्धविराम

वाय-फायच असणार. सगळं ५ गिगाहर्ट्झवर न्या, सुटेल.

तारायंत्री

अर्धविराम, त्याने काही होणार नाही. वाय-फाय, झिगबी आणि ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. रिमोट ४३३ मेगाहर्ट्झवर. दोघांत पाचपटीहून जास्त अंतर आहे, त्यामुळे राऊटरचं चॅनेल बदलून फरक पडला नाही हे साहजिकच आहे.

पण उपकरण वाय-फायचं आहे म्हणून ते निर्दोष ठरत नाही. प्रत्येकाला वीज देणारा अडॅप्टर असतो आणि तो आतमध्ये सेकंदाला हजारो-लाखो वेळा करंट चालू-बंद करत असतो. त्यातला फिल्टर काटकसरीने बसवला असेल तर ती खरखर पार शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत पसरते, आणि उपकरणाच्या वायरी अँटेनासारख्या ती बाहेर टाकतात.

रिमोटची ताकद १० मिलीवॉट किंवा त्याहूनही कमी. गजबजलेल्या खोलीत कोणी कानात कुजबुजलं तरच ऐकू यावं, तशी तुमच्या रिसीव्हरची गत झाली आहे. रिसीव्हरपाशी गोंगाट २० डेसिबलने वाढला की मोकळ्या जागेतलं चालण्याचं अंतर एक दशांशावर येतं. रिमोट जवळ आणला की चालतो ते यामुळेच. रिमोट बिघडलेला नाही, रिसीव्हरला त्याचं ऐकू येत नाहीये.

ॲपमधून बंद करून काही कळत नाही. ॲपमधून फक्त दिवा बंद होतो. कंट्रोलरचा अडॅप्टर, प्रोसेसर, रेडिओ सगळं जागंच असतं. वीजच तोडायला हवी. गेटच्या बोर्डाला बॅटरी बॅकअप आहे का? असेल तर घराचा मेन स्विच पाडा आणि वळणावरून रिमोट दाबून पाहा. या एकाच चाचणीने निम्मं उत्तर मिळतं.

मोटरवाला

मी गेटच्या मोटरी बसवतो. तारायंत्रींनी सांगितलेली चाचणी कराच, पण आधी डबा उघडून अँटेनाची वायर बघा. ४३३.९२ ला पाव तरंगलांबी म्हणजे १७.३ सेंमी. इतकी वायर सरळ, उभी आणि धातूपासून लांब हवी. जागा नाही म्हणून तिची गुंडाळी करून डब्यात कोंबलेली मी जागोजागी पाहतो. डबा पत्र्याचा असेल तर मग विषयच संपला, पत्रा लहर आत येऊच देत नाही. वायर जास्त लांब केली तर रेंज वाढेल असंही नसतं. ३१५ मेगाहर्ट्झचा रिमोट असेल तर २३.८ सेंमी आणि ८६८ चा असेल तर ८.६ सेंमी धरा.

आणि एक. सेलचा दिवा लागतो म्हणजे सेल चांगला, असं समजू नका. १२ व्होल्टच्या छोट्या सेलचं व्होल्टेज बटण दाबल्यावर बसतं, दिवा मात्र पेटतो. तुम्ही नवा घातलाय म्हणून तो प्रश्न मिटला. हात बाहेर काढल्यावर फरक पडतो म्हणालात, तर गाडीची पुढची काच उष्णता अडवणारी आहे का तेही पाहा. तसल्या काचेवर धातूचा पातळ थर असतो आणि तो रेडिओलहरीही अडवतो.

अंगणवेल

काच साधी आहे. डबा प्लॅस्टिकचा, पण अँटेनाची वायर खरंच मोटरभोवती वळवून ठेवली होती. ती सरळ केली तर थोडी सुधारणा झाली, पूर्ण नाही.

मेन स्विच पाडून बॅटरीवर पाहिलं. वळणावरून पहिल्या दाबाला गेट उघडलं! म्हणजे गोंगाट आमच्याच घरचा आहे. मग एकेक एमसीबी चढवत गेले. खोल्यांचे सगळे चढवले तरी रिमोट लांबून चालतो. आवाराच्या दिव्यांचा एमसीबी चढवला की बंद पडतो. त्या लाइनवर फक्त खांबावरचा कॅमेरा आणि दिव्यांचा कंट्रोलर आहे.

खटपट्या

सापडलाच म्हणायचं. अंगणवेल ताई, दिव्यांच्या कंट्रोलरचा जो छोटा रिमोट आहे तो किती मेगाहर्ट्झचा आहे? एमसीबी पाडून, तो पुन्हा कोणी चढवणार नाही अशी सोय करून कंट्रोलरचं झाकण उघडा आणि आत काय दिसतं ते सांगा. रिसीव्हरचा छोटा बोर्ड शोधा. त्यावर चंदेरी डबीसारखा क्रिस्टल आहे, की नुसती तांब्याच्या तारेची बारीक गुंडाळी?

अंगणवेल

मोठ्या बोर्डाला पिनांवर एक छोटा हिरवा बोर्ड उभा खोचलाय. त्यावर ४३३ लिहिलंय. तांब्याची गुंडाळी आहे, स्प्रिंगसारखी अँटेना आहे. चंदेरी डबी नाही. गेटच्या मोटरपासून हा डबा हातभर अंतरावर आहे.

खटपट्या

मग माझा पहिला संशय त्या हिरव्या बोर्डावर. नीट समजावतो, कारण हे माहीत नसल्याने लोक महिनोन्‌महिने चुकीच्या जागी शोधत राहतात.

स्वस्त रिसीव्हर बहुतेक सुपर-रीजनरेटिव्ह पद्धतीचे असतात. एकाच ट्रान्झिस्टरकडून प्रचंड वाढ मिळवायची म्हणून त्याला सतत ऑसिलेशनच्या, म्हणजे आपणहून लहरी काढू लागण्याच्या, काठावर नेतात, सुरू होऊ देतात, लगेच विझवतात, पुन्हा सुरू होऊ देतात. हे सेकंदाला हजारो वेळा चालतं. आता ट्रान्झिस्टर ऑसिलेट होतोय, त्याला अँटेना जोडलेली आहे, आणि तो ४३३ वरच जुळवलेला आहे. म्हणजे नावाला रिसीव्हर असला तरी तो दिवसरात्र क्षीणसा ट्रान्समिटर असतो. दिवे लागलेले असोत की विझलेले, त्याला वीज मिळते तोवर तो बोलत राहतो. ॲपमधून बंद करून फरक पडला नाही तो यामुळे.

क्रिस्टलवाला सुपरहेटेरोडाइन रिसीव्हर असा त्रास सहसा देत नाही. त्याचा आतला ऑसिलेटर वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर असतो, आणि तो आजूबाजूच्या फ्रिक्वेन्सी पण जास्त चांगल्या गाळतो. तुमच्या गेटच्या बोर्डावरचा रिसीव्हर सुद्धा सुपर-रीजनरेटिव्ह असेल तर दोघं एकमेकांना बहिरं करतात.

कॅमेऱ्याचा अडॅप्टरही संशयितांत आहेच. दोघांची वीज वेगवेगळी तोडून पाहा.

तारायंत्री

खटपट्यांचं निदान पटतं. खात्री करायची असेल तर आरटीएल-एसडीआर डोंगल कोणाकडून तरी मिळवा. मुळात टीव्ही पाहायला बनवलेलं हे यूएसबी डोंगल. त्यातली आरटीएल २८३२यू ही चिप कच्चा सिग्नल थेट संगणकाला देऊ शकते हे २०१२ च्या सुमारास सगळीकडे कळलं आणि त्याचा रेडिओच झाला. साधारण २४ मेगाहर्ट्झपासून १.७ गिगाहर्ट्झपर्यंत दिसतं. स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही सॉफ्टवेअर ४३३.९२ वर लावा आणि डोंगल गेटच्या डब्याशेजारी धरा.

काय दिसलं तर काय समजायचं ते सांगतो. रिमोटचं बटण म्हणजे एक अरुंद, ठळक रेघ, दाबलेली असेपर्यंत. हवामानाचा सेन्सर म्हणजे ठरावीक वेळाने उमटणारा बारीकसा ठिपका. तो क्षणभर बोलतो आणि गप्प बसतो, त्याने कायमची रेंज जात नाही. अडॅप्टरची खरखर म्हणजे समान अंतरावरच्या रेघांचा कंगवा, अडॅप्टर तापेल तसा हळूहळू सरकणारा. सुपर-रीजनरेटिव्ह रिसीव्हर म्हणजे रुंद, पसरट फुगवटा. त्याच्या अँटेनाजवळ हात नेलात की फुगवटा जागचा हलतो, ही त्याची हमखास खूण. आणि एखादी रेघ अखंड चालूच राहिली तर कुठेतरी कोणाच्या रिमोटचं बटण अडकलंय असं समजा. सोफ्याच्या गादीखाली दबलेला एक रिमोट सगळ्यांची गेटं बंद पाडू शकतो.

डोंगल नसेल तर अडॅप्टरपुरतं साध्या ट्रान्झिस्टरवर भागतं. एएम पट्ट्यावर, जिथे स्टेशन नाही तिथे काटा ठेवा आणि ट्रान्झिस्टर अडॅप्टरजवळ न्या. खरखर एकदम वाढली तर फिल्टर चांगला नाही. ४३३ वरचा फुगवटा मात्र ट्रान्झिस्टरला कळणार नाही.

अर्धविराम

एवढं करण्यापेक्षा जास्त ताकदीचा रिमोट घेतला तर?

तारायंत्री

कृपया नको. या पट्ट्यात परवान्याशिवाय बोलता येतं ते ताकद मर्यादेत ठेवण्याच्या अटीवरच. तुम्ही आवाज चढवलात की शेजाऱ्यांची गेटं, घंटा, सेन्सर बसतात. त्यात ही विनापरवाना उपकरणं असल्याने परवानाधारकांचा त्रास झाला तर तो सोसावा लागतो, तक्रारीला जागा नसते. २००४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या एग्लिन हवाई तळावर ३९० मेगाहर्ट्झच्या आसपासची नवी रेडिओ यंत्रणा तपासायला घेतली, तेव्हा भोवतालच्या वस्त्यांतल्या गॅरेजच्या दारांचे रिमोट चालेनासे झाले होते. ती फ्रिक्वेन्सी लष्कराची होती, रिमोट तिथे पाहुणे होते. गोंगाट कमी करणं हाच खरा उपाय, आणि तो तुमच्या हातात आहे.

अंगणवेल

नात्यातल्या एका मुलाकडे डोंगल होतं, तो लॅपटॉप घेऊन आला. खांबापाशी खुर्ची टाकून बसलो. तारायंत्रींनी लिहिलंय अगदी तसंच दिसलं. ४३३ च्या भोवती रुंद फुगवटा, आणि त्यावर रेघांचा कंगवा. कॅमेऱ्याचा अडॅप्टर काढला तर कंगवा नाहीसा झाला, फुगवटा तसाच. हिरव्या बोर्डाच्या डब्याजवळ हात नेला तर फुगवटा डावीकडे सरकला. मग एमसीबी पाडून हिरवा बोर्ड पिनांवरून ओढून काढला, पुन्हा वीज दिली, आणि पडदा स्वच्छ! हवामानाच्या सेन्सरचे ठिपके तेवढे उमटत होते. वळणावरून रिमोट दाबायला सांगितलं तर लख्ख रेघ आली आणि गेट चालू झालं.

तो छोटा दिव्यांचा रिमोट आम्ही वापरतही नाही, ॲपवरून आणि भिंतीवरच्या बटणावरून दिवे लावतो. तेव्हा हिरवा बोर्ड काढूनच ठेवू ना? आणि अडॅप्टरचं काय करू?

खटपट्या

वापरत नसाल तर काढूनच ठेवा, वाय-फायचा भाग त्याच्याशिवाय चालतो हे तुम्ही पाहिलंच आहे. पुढे कधी रिमोट हवासा वाटला तर त्याच पिनांच्या क्रमाचा क्रिस्टलवाला बोर्ड मिळतो, फक्त व्होल्टेज जुळवून घ्या.

अडॅप्टरसाठी क्लिपचा फेराइट, म्हणजे वायरीवर बसून खरखर अडवणारा मणी. पण फेराइट म्हणजे कुठलाही काळा मणी नव्हे. ३१ आणि ४३ क्रमांकाचं मटेरियल साधारण ३०० मेगाहर्ट्झच्या खाली चांगलं. ४३३ ला ६१ क्रमांकाचं घ्या. कॅमेऱ्याकडे जाणाऱ्या वायरीवर, अडॅप्टरला अगदी चिकटून बसवा. मध्ये वायर मोकळी राहिली तर तेवढी वायर बोलतच राहते. आणि अडॅप्टर शक्य तितका लांब न्या. मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात, आणि फुकट कमी होतात.

मोटरवाला

अँटेनाही डब्याबाहेर काढा. खांबाच्या माथ्यावर ४३३ ची अँटेना बसवून आरजी-५८ केबल खाली आणा. दर मीटरला ०.३ ते ०.४ डेसिबल जातात, एवढ्या उंचीला ते काहीच नाही. उंचीचा फायदा कितीतरी जास्त. केबलची आतली तार अँटेनाच्या टर्मिनलला आणि जाळी त्याच्या शेजारच्या ग्राउंडला. हे उलटं जोडलेलं इतक्या ठिकाणी सापडतं की मी आता पहिलं तेच बघतो.

अंगणवेल

सगळं केलं. आता वळणाच्याही पलीकडून चालतं. एकच राहिलंय: वडिलांच्या गाडीतला रिमोट दोनदा दाबावा लागला, माझा नाही. अजून काही बाकी आहे का?

तारायंत्री

बाकी काही नाही. रोलिंग कोडमध्ये रिमोट प्रत्येक दाबाला मोजणी एकने पुढे नेतो, गेटला ऐकू येवो न येवो. बऱ्याच गेटांत असलेल्या कीलॉक पद्धतीत रिसीव्हर पुढच्या १६ मोजण्यांपर्यंतचा कोड एका दाबात स्वीकारतो. त्याहून पुढे गेलेला असेल तर लागोपाठच्या दोन दाबांचे कोड क्रमाने आलेत का ते पाहतो आणि मग जुळवून घेतो. रेंज नव्हती तेव्हा वडिलांनी गाडीत बसून बरेचदा दाबला असणार. आता जुळलाय, पुढच्या वेळी एका दाबात चालेल.

निळीशाई

याच धाग्यात माझा प्रश्न विचारते, कारण विषय जवळचा आहे. आमचं गेट उलट वागतं: आपोआप उघडतं. रात्री-अपरात्री कधीही. रोलिंग कोडच आहे. शेजारी म्हणाले बिनतारी उपकरणांचा गोंधळ. घरात लहान मूल आहे, रस्त्यावर वाहतूक असते, त्यामुळे झोप लागत नाही.

तारायंत्री

निळीशाई, हा वेगळा आजार आहे. गोंगाट गेटला बहिरं करू शकतो, गेट उघडू शकत नाही. कीलॉकचा संदेश ६६ बिटांचा असतो, त्यातले ३२ बिट दर वेळी नव्याने गुप्त होऊन येतात. खरखरीतून योगायोगाने असा संदेश तयार होणार नाही. ठरलेल्या कोडचा साधा रिमोट असता तर गोष्ट निराळी. ईव्ही १५२७ सारख्या चिपमध्ये २० बिटांचा पत्ता असतो, म्हणजे १०,४८,५७६ शक्यता, आणि तो कोड कोणालाही नकलता येतो. पण तुमचा रोलिंग आहे. तेव्हा रेडिओ सोडा, वायरी बघा. गेटला ॲपवरून उघडायची सोय केली आहे का?

निळीशाई

हो. घरातल्या पॅनेलमध्ये ईएसपी८२६६ या वाय-फाय चिपचा रिले बोर्ड आहे. तिथून दोन वायरी गेटच्या स्टार्ट टर्मिनलपर्यंत नेल्या आहेत, मोटरला वीज नेणाऱ्या पाइपातूनच.

खटपट्या

दोन जागा तपासा. आधी हे सांगा: गेट उघडण्याचा आणि वीज जाऊन येण्याचा काही संबंध दिसतो का? क्षणभराची झपकी सुद्धा चालेल. ईएसपी८२६६ बूट होताना त्याच्या बऱ्याच पिना क्षणभर वर जातात किंवा फडफडतात. रिले अशा पिनेवर असेल तर वीज आल्याबरोबर तो एक टिचकी मारतो, आणि स्टार्ट टर्मिनलला एवढी टिचकी पुरते. जीपीआयओ ४ आणि ५ या पिना बूट होताना शांत राहतात. रिले तिथे हलवा. सेटिंगमध्ये वीज आल्यावर रिले ‘बंद’ राहील असं ठेवा, ‘आधीच्या स्थितीत’ नको.

दुसरी जागा तो पाइप. मोटर किंवा पंप चालू होताना शेजारच्या लांब वायरीत झटका उमटतो. जाळीची, पीळ घातलेली केबल वेगळ्या पाइपातून न्या आणि जाळी एकाच टोकाला अर्थ करा.

मोटरवाला

आणि रिलेचा कॉन्टॅक्ट कोरा, म्हणजे स्वतःची वीज बाहेर न देणारा, आहे ना, ते आधी तपासा. कितीतरी वाय-फाय स्विच बाहेर मेनची वीज देतात. ती स्टार्ट टर्मिनलला गेली तर बोर्ड जळेलच, पण गेटला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतेल.

निळीशाई

कॉन्टॅक्ट कोरा आहे, मल्टिमीटरने पाहिलं. मेन स्विच पाडून चढवला आणि पॅनेलला कान लावला: टिक्‌ आवाज आला, गेट सरकायला लागलं. दर वेळी. इलेक्ट्रिशियनला बोलावून रिले जीपीआयओ ५ वर घेतला, सेटिंग बदललं. आता वीज घालवून आणली तरी गेट जागचं हलत नाही. केबल बदलायचं काम पुढच्या आठवड्यात करतोय.

मोटरवाला

केबल होईपर्यंत रात्री स्टार्टच्या वायरी टर्मिनलमधून सोडवून ठेवा, रिमोट तरीही चालेल. आणि मूल आहे म्हणालात म्हणून आजच करा: गेट बंद होत असताना फोटोसेलच्या दोन डोळ्यांमध्ये पुठ्ठा धरा. गेट थांबून उलटं फिरलं पाहिजे. मग काच पुसून परत एकदा. उलटं फिरलं नाही तर ॲपवरून बंद करण्याची सोय तोवर पूर्ण बंद ठेवा, कारण ॲपवर बोट ठेवणाऱ्याला गेटसमोर कोण उभं आहे ते दिसत नसतं.

निळीशाई

आत्ताच पुठ्ठा धरून पाहिला. फिरतं उलटं. वायरीही सोडवल्या.